वेगवेगळे जिने

आज जेवताना एक परिचित सहज म्हणाले, "फुकट दिलं की माणूस आळशी होतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले, आणि आता रात्री झोप येत नाहीये म्हणून लिहितेय.

इंग्लंडमध्ये साऊथवेलला १८२४ साली बांधलेलं वर्कहाऊस आहे. निराधारांना ठेवायची इमारत. काही वर्षांपूर्वी मी ती बघायला गेले होते. आत जिने वेगवेगळे. पुरुषांचा निराळा, बायकांचा निराळा, नवरा-बायकोची जाता-येतासुद्धा गाठ पडू नये म्हणून. मुलं तिसरीकडे. त्या जिन्यात माझा पाय उचलेना.

निराधारांच्या मदतीबद्दलच्या १८३४ च्या कायद्याने हाच नमुना देशभर नेला. आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईट असलं पाहिजे, असं चक्क ठरवून केलं. म्हणजे मदत मागायलाच माणूस घाबरेल! अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडं कुटायला बसवलेली माणसं भुकेपोटी त्याच हाडांना चिकटलेलं मांस कुरतडत होती. १८४५ मध्ये हे उघडकीला आलं. बसा आता माना डोलावत.

हो, कामचुकार माणसं असतात. आणि बरीचशी मदत पुढेही वर्कहाऊसच्या बाहेरच, घरी मिळत राहिली, तेही मान्य. पण भीती तर सगळ्यांच्याच मानेवर होती ना?

अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, कापूस येईना, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या थांबल्या. लाखो लोक मदतीवर आले. कालपर्यंत दहा-दहा तास साच्यावर उभी असलेली बाई एका रात्रीत आळशी झाली का? १८९९ मध्ये सीबोम राउंट्री या गरिबीच्या अभ्यासकाने इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात घरोघरची पाहणी करवली. पोटापुरतीही मिळकत नसलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक अशा घरांतले निघाले, जिथला कमावता माणूस रोज कामावर जात होता. मजुरीच पुरत नव्हती!

साऊथवेलला डांबर लावलेल्या जुन्या दोराचा तुकडा हातात घेऊन बघितला होता. असे दोर नखांनी उसवायचे, त्याचे तंतू जहाजांच्या फटींत भरायला जायचे. मी दोनच मिनिटं ओढलं, बोटं हुळहुळली. तिथे म्हातारी माणसं दिवसभर ते करायची.

राग जरा ओसरलाय. त्या परिचितांना मी दुष्ट म्हणणार नाही, त्यांनी तो जिना पाहिलेला नाही. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली, पोस्टात जाऊन घ्यायची. कुणाच्या दारात हात पसरायला नको.

पण माझं मन अजून त्या जिन्यातच अडकलंय. १८४७ मध्ये साठीपुढच्या जोडप्यांना वर्कहाऊसमध्ये एकत्र राहायची मुभा मिळाली. मागितली तर. त्या आधीच्या तेरा वर्षांत किती म्हातारी-म्हातारे एकाच छपराखाली, वेगळ्या जिन्यांनी वर चढून, एकेकटे झोपले असतील.