‘तहहयात’ लिहिलं तरी आई पूर्ण मालक? कलम 14 पुढे वाचा

घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मृत्युपत्रात बायकोला घर ‘तहहयात’ दिलं, तरी 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 14 मुळे ती पूर्ण मालक होते, वाटेल त्याला विकते. ज्याला ते नंतर मिळायचं तो मुलगा तिच्याआधी वारला, तर सून-नातवंडांच्या हाती काही लागत नाही. आणि बक्षीसपत्रात देणाऱ्याने स्वतःचा हयातीचा हक्क राखला, तर बक्षीसच बाद.

कलम 14 लिहिणाऱ्याने अर्ध्यावर सोडलंय. पोटकलम 1 हिंदू स्त्रीला तिच्याकडच्या मिळकतीची पूर्ण मालकी देतं, हे खरं. पण लगेच पोटकलम 2 आहे: बक्षीसपत्र, मृत्युपत्र किंवा कोर्टाच्या हुकुमाने मिळकत देतानाच हक्क मर्यादित केला असेल, तर तो मर्यादितच राहतो.

मग भांडण कशावरून? तिचा हक्क आधीपासूनचा होता की कागदानेच जन्माला आला, यावरून. तुलसम्मा या विधवेला 1949 च्या तडजोडीत पोटगीपोटी मर्यादित हक्काने मिळकत मिळाली होती. पोटगीचा हक्क मुळातच तिचा, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली तिला पूर्ण मालक ठरवलं. उलट पंजाबातल्या एका प्रकरणात नवऱ्याने मृत्युपत्राने जमीन पत्नीला तहहयात आणि पुढे पुतण्यांना दिली. पत्नीने ती गुरुद्वाऱ्याला बक्षीस देऊन टाकली. 2006 मध्ये निकाल पुतण्याच्या बाजूने लागला: जमीन नवऱ्याची स्वतःची, पत्नीचा हक्क मृत्युपत्रापुरताच. म्हणजे ‘तहहयात’ शब्द पाहून छातीठोक उत्तर देणारा वकील भेटला, तर दुसरा गाठावा. दोन्ही दिशांचे निकाल इतके साचलेत की डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

हक्क मर्यादित ठरला तरी आई पाहुणी होत नाही. ती राहील, भाडं घेईल, शेताचं पीक घेईल; तिच्या हयातीत मुलगा तिला बाहेर काढू शकत नाही. मात्र तिने खरेदीखत करून दिलं, तरी घेणाऱ्याला तिच्या हयातीपलीकडे काही मिळत नाही. स्वस्तात मिळतंय म्हणून घेणारे इथेच फसतात.

सून-नातवंडांबद्दलचा दावाही टिकत नाही. ‘आधी पत्नीला तहहयात, नंतर मुलाला’ असं लिहिलं असेल, तर मुलाचा हक्क वडील वारले त्याच दिवशी कायम होतो; लांबतो तो फक्त ताबा. मृत्युपत्रात वेगळी अट नसेल, तर तो आईआधी गेल्यावरही हा हक्क त्याच्या वारसांकडे जातो.

राहिलं बक्षीसपत्र. देणाऱ्याने हयातीचा हक्क राखला तरी बक्षीस वैध, ताबा लगेच द्यायचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलंय. लागतं ते नोंदणीकृत खत, दोन साक्षीदार आणि देणारा हयात असताना घेणाऱ्याची स्वीकृती. यातलं एकही त्या मेसेजमध्ये नाही.