संप्लवन म्हणजे संप्लवन

उद्या घटक चाचणी आणि घड्याळात रात्रीचे साडेनऊ. लेक सेमी-इंग्रजीतली, बाप अस्सल मराठी माध्यमाचा.

"बाबा, सब्लिमेशन म्हणजे?"

"संप्लवन!" एका सेकंदात उत्तर. स्वतःवरच खूश झालो.

"म्हणजे?"

"म्हणजे... संप्लवन."

तिनं पेन खाली ठेवलं.

माझी गोची अशी, की शब्द सगळे तोंडपाठ आहेत. मायटोकाँड्रिया? तंतुकणिका. कॅटॅलिस्ट? उत्प्रेरक. मेटामॉर्फिक रॉक? रूपांतरित खडक. पण त्यापुढे "म्हणजे?" विचारायची पद्धत आमच्या वर्गात नव्हती. 'शास्त्रीय कारणे द्या'ची कारणंसुद्धा आम्ही घोकूनच द्यायचो.

मग वस्तुमान आणि वजन. मी म्हटलं, "सोपं आहे. माझं वजन ७२ किलो."

"ते मास झालं, बाबा. वेट न्यूटनमध्ये सांगायचं." तिनं ७२ ला ९.८ नं गुणलं आणि मोठ्यानं वाचलं, "सातशे पाच पॉइंट सहा!"

"वाटलंच होतं मला," स्वयंपाकघरातून बायको.

चंद्रावर हेच वजन एक षष्ठांश भरतं, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. पण वस्तुमान तिथंही ७२ किलोच. म्हणजे पँटचं बटण तिथंही लागणार नाही.

"नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम," लेक पुढचं वाचू लागली. मी तोंड उघडायच्या आत पलंगावरून अप्पा बोलले, "नत्र, स्फुरद, पालाश." वर न विचारता पुढचंही सांगितलं, "नत्रानं पाला वाढतो, स्फुरदानं मुळं धरतात, पालाशानं फळ भरतं. दहा-सव्वीस-सव्वीस खताच्या पोत्यावर आकडे असतात, ते ह्याच तिघांचे." आयुष्यभर ऊस आणि कांदा काढलेला माणूस. लेकीनं सगळं वहीत उतरवून घेतलं. माझं संप्लवन मात्र तिनं अजून लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून आई हातात कागदाची पुडी घेऊन आली. "दिवाळीत शालूच्या घडीत चार डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. पुडी जशीच्या तशी, आत एक गोळी नाही. कुणी काढल्या?"

माझा संशय उंदरावर.

"वितळल्या असतील, आजी."

"वितळल्या असत्या तर शालूला डाग नको पडायला? शालू कोरडा ठणठणीत आहे."

लेकीनं पुडी उलगडली. कागद कोरडा, घडीच्या चार ठिकाणी गोल खळगे आणि नाकाला झोंबणारा वास. ती एकदा कागदाकडे बघे, एकदा पुस्तकाकडे. "म्हणजे पाणी झालंच नाही! सॉलिडचा डायरेक्ट गॅस!"

"संप्लवन!" मी ओरडलो.

"मग मघाशी 'डांबरगोळी' एवढंच म्हणायचंस ना, बाबा."

"कसलं का प्लवन असेना," पुडी माझ्या हातात देत आई म्हणाली, "उद्या येताना नव्या आण."