बोझलाक म्हणजे नुसता टाहो नव्हे

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुर्की लोकगीतांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही म्हणता, "ताल नाही, चाल नाही, पहिल्या सुरापासून टाहो. आणि जर्मनीत जाऊन मार्क कमवायचे नि गावासाठी गळा काढायचा, याला दुःख कसं म्हणायचं?"

आधी टाहोबद्दल. बोझलाक हा मध्य अनातोलियातला मुक्त लयीचा प्रकार. बागलामा या लांब मानेच्या तंतुवाद्यावर आधी सूर मांडतात, मग गायक एकदम वरच्या पट्टीत शिरतो आणि हळूहळू खाली येतो. चाल आहे ती त्या उतरण्यात. लोकगायक मुहर्रम एर्ताश यांनी गायलेला, अवशार या भटक्या टोळीचा बोझलाक पुन्हा ऐका. शब्द एकोणिसाव्या शतकातला लोककवी दादालोलू याचे, विषय ऑटोमन फौजेने 1865 मध्ये भटक्या टोळ्यांना जबरदस्तीने एका जागी वसवण्याचा. डोंगरातली माणसं दक्षिण तुर्कस्तानातल्या चुकुरोवाच्या सखल भागात आणली गेली आणि तिथल्या हिवतापाने कितीतरी दगावली. त्याच गाण्यात दादालोलू बजावतो, की फर्मान सुलतानाचं असेल, डोंगर आमचे आहेत. ही ओळ रडक्या माणसाची वाटते का तुम्हाला?

शिवाय हे गाणारे अब्दाल या गाण्याबजावण्याचा पिढीजात व्यवसाय असलेल्या समाजातले वादक लग्नांत वाजवून पोट भरत. मुहर्रम यांचा मुलगा नेशेत (जन्म 1938) लहानपणापासून वडिलांबरोबर लग्नांत वाजवत वाढला. एकाच मांडवात नाचाची गाणीही आणि बोझलाकही. दुःखाला तिथे वेगळी खोली नसते, आणि मला या संगीतातलं हेच सर्वात मोलाचं वाटतं.

जर्मनीबद्दल मात्र तुमच्याशी माझं अजिबात जमणार नाही. तुर्कस्तान आणि पश्चिम जर्मनी यांच्यातल्या 1961 च्या कामगार-भरती करारात कामगाराला दोनच वर्षं राहायची मुभा होती, बायकामुलांना नेण्याची सोय नव्हती. दोन वर्षांची अट 1964 मध्ये निघाली. म्हणजे ताटातूट कागदावरच लिहिलेली होती. पगार चांगला मिळाला म्हणून ती खोटी ठरत नाही. नेशेत स्वतः बोटं अधू झाल्यावर उपचारांसाठी तिकडे गेले आणि दोन दशकांहून अधिक काळ राहिले.

तुमची एक तक्रार रास्त आहे: व्हायोलिनांचे थर चढवलेल्या नव्या आवृत्त्या मलाही असह्य होतात. त्या सोडा. एक गळा, एक बागलामा एवढंच असलेलं जुनं ध्वनिमुद्रण लावा, आणि मग पुन्हा लिहा. वाट पाहते.