‘लेक व्ह्यू म्हणजे शुद्ध फसवणूक’ या अभिप्रायाला पवईच्या गेस्ट हाउसचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहिते. गॅलरीतून पाण्याऐवजी हिरवं मैदान दिसलं, संध्याकाळी वास आला, बोटिंग नव्हतं आणि आमच्या वॉचमनने मुलांना काठाकडे उतरू दिलं नाही, या तुमच्या तक्रारी. वर खोलीचे पैसे परत मागितलेत.

आधी वॉचमनबद्दल. पवई तलावात मगरी आहेत. थंडीत त्या ऊन खायला काठावर येऊन पडतात आणि चिखलाच्या रंगात अशा मिसळतात की रोज बघणाऱ्यालाही पटकन दिसत नाहीत. मुलं हिरमुसली, याचं मलाही वाईट वाटतं. पण त्याने त्यांना अडवलं ते माझ्या सांगण्यावरून, आणि उद्याही तो अडवेल. बोटिंग आम्ही करवत नाही, हे बुकिंगच्या पानावर लिहिलेलं आहे. तुम्हाला दिसलेली होडी अँगलिंग असोसिएशनवाल्यांची. गळ टाकून मासे धरणाऱ्यांची ही संस्था इथे १९५५ पासून आहे.

आता ते हिरवं मैदान. ती जलपर्णी. हा तलाव मुळात माणसाने केलेला. १८९० च्या सुमारास इंग्रजांनी बांध घातला, तो मुंबईला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून. पुढे ते पाणी पिण्यालायक राहिलं नाही; आता ते आरे कॉलनीत आणि कारखान्यांसाठी वापरतात. तलावात ५४५ कोटी लिटर पाणी मावतं, आणि भरून वाहिला की ते मिठी नदीला जातं. आजूबाजूला टॉवर झाले, वस्त्या वाढल्या आणि सांडपाण्याचे नाले तलावात येत राहिले. त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस जलपर्णीला आयतं खत. महापालिकेचं मशीन एका बाजूची काढतं, तोवर दुसऱ्या बाजूला ती पसरलेली असते. वासाचं मूळही तेच सांडपाणी. नाले मलनिस्सारण वाहिनीत वळवल्याशिवाय जलपर्णी काढत राहण्याला अंत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आमच्या पानावर दोन्ही फोटो आहेत, पावसाळ्यातला भरलेला तलाव आणि उन्हाळ्यातला हिरवा. हे आधीच दाखवलेलं असल्यामुळे पैसे परत करता येणार नाहीत. डासांसाठी खिडक्यांना जाळ्या आहेत. दिवेलागणीला गॅलरीचं दार तेवढं लावून घ्यावं लागतं.

तलावाला तुम्ही ‘गटार’ म्हटलंत, ते मात्र मनाला लागलं. तुमच्याच गॅलरीखाली सकाळी कमळपक्षी येतो. लांबच लांब बोटं पसरून तो जलपर्णीच्या पानांवरून चालतो, पान जरासं दबतं, पण तो बुडत नाही. पलीकडे आयआयटीच्या आवारात काठावर पद्मावती देवीचं देऊळ आहे. गणपती विसर्जनाला इथल्या घाटावर पाय ठेवायला जागा नसते. इतक्या लोकांचा जीव ज्यात गुंतलाय, त्याला गटार म्हणवत नाही हो.

तुम्ही अभिप्रायासोबत टाकलेले फोटो स्पष्ट आहेत, नाल्याचं तोंडही त्यात दिसतंय. महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक आम्हाला कळवा. आमच्या तक्रारींसोबत तोही घेऊन मी वॉर्ड ऑफिसला पाठपुरावा करीन.