मामांचे ओरखडे

घर बदलताना मामांनी सगळं सामान बरोबर नेलं. विमानाचा लाकडी पंखा तेवढा माझ्या गळ्यात मारला. "युद्धातला आहे," म्हणाले. कुठल्या, असं विचारलं तर, "मोठ्या."

पावणेतीन मीटरची वस्तू घरात घेणं म्हणजे भूमितीची तोंडी परीक्षा. आधी तिरका, मग आडवा, मग एका दिव्यातून आरपार. शेवटी तो भिंतीवर चढला आणि आल्यागेल्याला कंठ फुटला. एक म्हणाले बोटीचा, दुसरे म्हणाले पवनचक्कीचा. पात्याच्या टोकाला पितळी पत्रा आहे, त्यात बारीक भोकं. ती पाहून बायकोनं निदान केलं, "कीड लागलीय." पितळ खाणारी कीड! अहो, ती भोकं मुद्दाम पाडतात; पत्र्याखाली शिरलेलं पाणी पंखा फिरताना त्यांतून बाहेर फेकलं जातं. हे मला वाचून कळेपर्यंत औषध फवारून झालं होतं.

वाचनातून दुसरी गोष्ट कळली ती अशी, की पंख्याची ओळख पात्यांत नसते, मधल्या जाड भागात, हबमध्ये असते. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश पंख्यांच्या हबवर कुंडलीच ठोकलेली सापडते. ड्रॉइंग नंबर, इंजिनाची अश्वशक्ती, मिलिमीटरमध्ये व्यास आणि पिच. पिच म्हणजे स्क्रू लाकडात शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात हिशेबानं जितका पुढे सरकेल ते अंतर. जर्मन पंख्यावर अश्वशक्तीपुढे 'पीएस' असतं. बर्लिनच्या एका कंपनीच्या पंख्यांचं नाव तर चक्क 'गरुडा'! दोन रात्री मी भिंग घेऊन विष्णूचं वाहन शोधत होतो.

हब मात्र आरशासारखा गुळगुळीत. मामांना फोन लावला.

"मामा, तुम्ही याला घासलं होतं का हो?"

"मग! मधोमध कसले ओरखडे होते रे. पॉलिशपेपरनं तीन दिवस लागले."

ओरखडे!

तरी कुंडली पुरती पुसली नव्हती. टॉर्च तिरका धरला, पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली, तेव्हा उमटलं 'डी 2740'. म्हणजे व्यास. जे मी टेप लावून आधीच मोजलं होतं, नेमकं तेवढंच मामांच्या हातून वाचलं होतं. त्याखाली 'डीआरजी नं.', म्हणजे ड्रॉइंग नंबर, आणि त्यापुढे, जिथे खरा नंबर हवा, तिथे मामांनी बसवलेलं घड्याळ. मधलं भोक त्याला लहान पडलं म्हणून मामांनी ते कोरून मोठं केलेलं.

राहता राहिली फिरण्याची दिशा. वैमानिकाच्या जागेवरून पाहताना काट्यांच्या दिशेनं फिरतो तो उजवा पंखा. पात्याची फुगीर बाजू विमानाच्या पुढे असते, आमच्याकडे ती हॉलकडे आहे. त्या हिशेबानं वैमानिक शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात बसतो. तिथे जाऊन बघणं बरं दिसलं नसतं. कागदाचा पंखा कापून, तो पुढून-मागून फिरवून ठरवलं, आमचा उजवा. म्हणजे हॉलमधून पाहिला तर काट्यांच्या उलट फिरणारा, आणि पोटातलं घड्याळ सुलट.

मामांना उत्साहानं हे कळवलं.

"मग सोपं आहे," मामा म्हणाले, "पंखा उलटा करून लाव."