खुलासा: मैदा काळपट भाजल्याने ब्राऊन ग्रेव्ही घट्ट होत नाही

‘मैदा बटरमध्ये जितका गडद भाजाल, तितकी ब्राऊन ग्रेव्ही घट्ट’ हा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून लिहिते आहे.

खरं उलट आहे. भाजताना मैद्यातला स्टार्च तुटत जातो. रंग, खमंगपणा वाढतो. घट्टपणा मात्र कमी होतो. घरी दोन्ही करून पाहिलं: 2 मोठे चमचे बटर, तेवढाच मैदा, 1 कप स्टॉक (मांस-हाडं किंवा भाज्या उकळून गाळलेलं पाणी). बदामी भाजलेल्या मैद्याची ग्रेव्ही चमच्याला छान धरली, काळपट मैद्याची पातळच राहिली. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात गम्बो नावाच्या दाट रश्शासाठी मैदा अगदी चॉकलेटी होईपर्यंत भाजतात, पण तिथे दाटपणासाठी बऱ्याचदा भेंडीही घालतात.

गडद रंग हवा असेल तर मांस आणि कांदा नीट परता. जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.