वॉकरवरचा टॉवेल

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार.

७८ वर्षांच्या आजी. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड घालून तीन आठवडे झाले. मुलगा दारातच म्हणाला, "फिजिओ रोज चालू आहे हो मॅडम." आत बघते तर वॉकर कोपऱ्यात, पायांवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही आणि वर ओला टॉवेल वाळत घातलेला. रोज वीस मिनिटं मशीन लावायला माणूस येतो. तीन आठवड्यांत आजींना एकदाही उभं केलेलं नाही!

मशीन म्हणजे फिजिओ नव्हे हो. दुखणं थोडं दबेल, मांडीत ताकद कुठून येणार?

डिस्चार्ज पेपरवर 'डब्ल्यूबीएटी' लिहिलेलं होतं. म्हणजे सोसवेल तेवढं वजन टाकून चालवा. घरात कुणाला अर्थच माहीत नाही, कारण हॉस्पिटलात कुणी सांगितला नाही. 'एनडब्ल्यूबी' असेल तर मात्र पाय टेकवायचा नाही. घरी आणण्याआधी सर्जनला तोंडी विचारा, पाय टेकवायचा का आणि किती. आणि खुब्याच्या सांध्यातला गोळा, म्हणजे बॉल, बदलला असेल तर पाटावर बसणं, मांडी घालणं, पायावर पाय टाकणं कधीपर्यंत बंद, तेही.

रोजच्या व्हिजिटचे पैसे सगळ्यांना झेपत नाहीत, मान्य. मग फिजिओथेरपिस्टला आठवड्यातून दोनदा बोलवा, पण त्याच्याकडून व्यायाम शिकून घ्या. त्याची पाऊण तासाची खेप पुरत नाहीच. जागेपणी दर तासाला घोटे वीसदा वर-खाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरायची, दहा वेळा, दिवसातून तीनदा. हातांच्या उंच खुर्चीतून पाच उठाबशा, त्याही तीनदा. खुर्ची भिंतीला टेकवून. चालणं एका दमात लांब नको, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी त्याआधी अर्धा-पाऊण तास द्या, नंतर देऊन काय उपयोग? एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली, तर व्यायाम राहू दे, आधी डॉक्टर.

सूनबाई म्हणाल्या, "त्या कळवळतात, बघवत नाही. आणि परत पडल्या तर?" इथे माझा आवाज जरा खाली आला. ती भीती खोटी नाही. पण महिनाभर झोपून राहिलेलं माणूस जास्त पडतं. टाच तर लाल झालीच होती, पुढची पायरी जखम.

मग प्लास्टिक काढलं. वॉकर सगळ्यात खालच्या भोकात होता, आजी कमरेत वाकूनच चालल्या असत्या. सरळ उभं राहून हात सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या रेघेशी यायला हवी, आणि चारही बटणं टक् वाजून बाहेर आली पाहिजेत. एक जरी अर्धवट राहिलं तर वजन टाकल्यावर तो पाय आत सरकतो. कॉटच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवलं, कारण एकदम उठवलं की चक्कर येते. पायात मागे पट्टा असलेली चप्पल. फरशीवर मोजे नकोतच. आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. मुलगा काखेत हात घालून ओढायला निघाला होता, त्याला थांबवलं. खांदा निखळवायचाय का आता? दुखऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहायचं आणि कमरेला बांधलेल्या पट्ट्याला धरायचं.

आजी उभ्या राहिल्या. पाय लटलट कापत होते. तीन आठवड्यांनी उंचावरून खोली बघितली आणि पहिलं वाक्य काय, "कपाटावर केवढी धूळ साचलीय गं!"

सहा पावलं चालल्या. मग खुर्चीत बसून चहा, कॉटवर नाही.

परवा परत जाणार आहे. टॉवेल दोरीवर दिसला पाहिजे.